सोफ्याच्या पोटात

सोफे दुरुस्त करणाऱ्या बाईंची वेबसाइट तयार होती, फक्त एक चित्र अडून बसलं होतं.

जुना सोफा उसवला की त्याच्या पोटातून काहीही निघतं: चमचे, दुधाचे दात, जोडी हरवलेली कानातली. बाई वस्तू मालकाला परत करत, पण त्याआधी शाईने तिचं चित्र काढत आणि खाली दोन-चार ओळी लिहीत. वर्षानुवर्षं ती चित्रं कपाटात पडून होती. नणंदेचा धंदाच लोकांच्या वेबसाइट बनवण्याचा. तिने ती बाहेर काढायला लावली. ढीग ओतायचा नाही, निवडकच टाकायची, ही तिची अट. ज्याची वस्तू त्याला आधी विचारायचं, ही बाईंची.

बहुतेकांनी हौसेने होकार दिला. राहिलं ते सगळ्यांत उत्तम चित्र: भरतकाम केलेल्या रुमालात नीट गुंडाळलेलं कानाचं मशीन. खाली ओळ होती, 'हे पडलं नव्हतं, ठेवलं होतं.'

मशीन एका म्हाताऱ्या घड्याळजींचं. घरच्यांच्या लेखी ते दोन वर्षांपूर्वीच हरवलेलं. सोफा पोचवताना बाईंनी ते गुपचूप त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून ते खिशात टाकलं होतं.

"कोण ओळखणार आहे, वहिनी?" नणंद म्हणाली. "पहिल्या पानावर हेच हवं."

"ज्यांच्या घरातून हरवलं, ते ओळखतील. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात तोंडघशी पाडू? उद्या मला कोण सोफा उसवू देईल?"

म्हणून बाई विचारायला गेल्या. दार सुनेने उघडलं. आजोबा सोफ्यावर बसले होते, कान रिकामे. आपला बेत कुठे फसला ते बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. गोष्ट कुजबुजायची होती, आणि ओरडल्याशिवाय आजोबांना कळणार नव्हती.

"मला सांगा, ताई," सून मदतीला धावली. "मी त्यांच्या कानात ओरडते."

बाईंनी घाईने पिशवीतून चित्र काढून आजोबांपुढे धरलं. सून पाणी आणायला वळली म्हणून त्यांना हायसं वाटलं, पण ती पेला घेऊन नेमकी सोफ्यामागून आली.

"हा रुमाल मी भरलाय," ती म्हणाली. मग खालची ओळ वाचली. "ठेवलं होतं? म्हणजे बाबा, तुम्हीच?"

तिच्या तोंडाकडे बघून आजोबा काय ते समजले. त्यांनी खिशातून मशीन काढलं आणि कानात बसवलं.

"हे चालतंय?" सुनेने विचारलं.

"रेडिओला लागतं," आजोबा म्हणाले.

"केर काढताना मीच ते कचऱ्यात लोटलं असं समजून दोन वर्षं झुरतेय मी. किती वेळा तुमची माफी मागितली."

"ते मला ऐकूच आलं नाही ना."

बाईंनी पिशवी उचलली. उठावं की थांबावं, कळेना. सून खुर्चीत बसली, तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटलं, पण तिला हसू आवरत नव्हतं.

"म्हणजे मी टाकलं नव्हतं," ती डोळे पुसत म्हणाली. "सुटले बाई."

"तुझा काय दोष? टीव्हीच्या वर आवाज चढवून तुम्ही नवराबायको भांडत होतात. मी बोललो असतो तर तिसरा भांडायला मिळाला असता."

"आता काढून ठेवू नका."

"तुम्ही हळू बोला, मी कानात ठेवतो."

"आणि चित्राचं काय?" बाईंनी विचारलं.

आजोबांनी ते डोळ्यांजवळ धरून, घड्याळ तपासावं तसं न्याहाळलं. "टाका. पण रुमालावरचं भरतकाम गाळा. नाहीतर ओळखीचा जो तो येऊन चौकशी करेल."

"का गाळायचं?" सून म्हणाली. "एवढे बारीक टाके घातलेत, दिसू देत की लोकांना."

जिन्यात आल्यावर बाईंनी नणंदेला फोन लावला.

"पहिलं पान रिकामं ठेव, चित्र येतंय. भरतकामाचं अजून ठरत नाहीये. दोघं भांडताहेत, पण अगदी हळू."