पहिल्या बर्फावरचा हार्कनेस

आइस हॉकीत ब्रॅडी नोलँड मोठा की वेंडेल हार्कनेस, हा वाद कोवालचुकांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी रंगायचा. एका बाजूला आजोबा मर्विन, वय चौऱ्याहत्तर. दुसऱ्या बाजूला नात टेसा, वय अकरा. नोलँड आत्ताचा, टेसाच्या खोलीच्या चारही भिंतींवर चिकटवलेला. हार्कनेस पन्नास वर्षांपूर्वीचा, याच गावचा, हेल्मेट न घालता खेळलेला आणि मर्विनचा बालमित्र. गोलांच्या आकड्यांत टेसा आजोबांना सहज गुंडाळायची. मग मर्विन ठेवणीतली गोष्ट बाहेर काढायचा.

"तुझा नोलँड छपराखाली, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर वाढला. कुंडीतलं रोप ते! आमचा हार्कनेस तुझ्याएवढा होता, तेव्हा तळ्यावर पहिला बर्फ धरला न धरला तोच बेटाला वळसा घालून आला. बाकी कोणाची छाती झाली नव्हती."

"नोलँडलाही जमलं असतं."

"जमलं असतं म्हणे! तुमच्या पिढीला काय जमतंय? मोजा ओला झाला की आईला फोन."

आपल्याच विनोदावर मर्विन मनसोक्त हसला. टेसाने मुकाट्याने लापशी संपवली आणि ती उठून गेली. आज आपली सरशी झाली म्हणून म्हातारा खूश होता.

अर्ध्या तासाने कॉफीचा मग धुताना त्याचं लक्ष दाराकडे गेलं. खिळ्याला टेसाचे स्केट्स नव्हते. कोपऱ्यातली हॉकी स्टिकही नव्हती. बाहेर भुरभुरलेल्या बर्फात लहान पावलं उमटली होती आणि ती थेट तळ्याकडे गेली होती.

तळं गोठून चारच दिवस झाले होते. मर्विनने गिरमिटाने भोक पाडून चार इंच मोजल्याशिवाय या गावात कोणी बर्फावर पाय ठेवत नसे. पोरांच्या आया त्याला फोन करून विचारत. कालच त्याने धक्क्याजवळ मोजलं होतं. जेमतेम अडीच. आणि बेटाच्या अलीकडे ओढा तळ्याला मिळतो, तिथे वाहत्या पाण्यावर दीडही नसणार. मर्विनने कोट आणि दोराचं वेटोळं उचललं आणि तो सपाता घालूनच धावत सुटला.

टेसा परतीच्या वाटेवर होती, काठापासून शंभरेक पावलांवर. दोर पन्नास पावलांच्या पुढे जाणारा नव्हता.

"आजोबा! घातला वळसा! बघितलंत ना?"

"थांब!" मर्विन ओरडला, आणि ओरडताक्षणीच त्याला कळलं की आपण घोडचूक केली. पळतं माणूस पातळ बर्फावरून कदाचित निभावून जातं. उभ्या माणसाखाली बर्फ वाकतो. टेसा थांबली. तिच्या पायांभोवतीचा पांढरा बर्फ करडा होऊ लागला. पाणी वर येत होतं.

"आडवी हो! पोटावर पड!"

"हार्कनेस पडला होता का?" टेसाचा आवाज आता कापत होता, पण हट्ट सुटला नव्हता. "मी उभीच येणार."

"पडला होता! पोटावर सरपटत, रडत आला तो. मी इथेच उभा होतो. लाइल उभा राहिला, म्हणून तो आलाच नाही!"

"लाइल कोण?"

"त्याचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा. टेसा, तुझ्या पाया पडतो मी, आडवी हो!"

त्रेसष्ट वर्षं तो ही गोष्ट सांगत आला होता आणि दरवेळी लाइलला वगळत आला होता. सुरुवातीला हार्कनेसची आई गावात होती म्हणून. पुढे पुढे लाइलशिवाय गोष्ट जास्त रंगते म्हणून. इतका निलाजरेपणा त्याने केला होता.

टेसा आडवी झाली. वीतवीत सरकू लागली. निम्मं अंतर झालं असेल, तोच कडकड आवाज आला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. ती किंचाळली. क्षणभर मर्विनला नऊ वर्षांच्या लाइलची लाल टोपी दिसली.

"स्टिक आडवी टाक! दोन्ही हातांनी दाब! पाय मार, पोहतेस तसे मार!"

बर्फाची कड एकदा मोडली. पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा टिकली आणि टेसा वर आली. "उठू नकोस, लोळत ये!" ती लोळत आली. मर्विन काठाचा बर्फ मोडत गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने दोर फेकला. तिने तो मनगटाला गुंडाळला आणि त्याने जीव खाऊन ओढली.

काठावर त्याने तिला आपल्या कोटात गुंडाळलं. तिचे दात वाजत होते. तिला उचलून तो घराकडे निघाला. धाप लागली होती, पण खाली ठेवायची त्याची तयारी नव्हती.

"आजोबा," ती त्याच्या मानेपाशी पुटपुटली, "बर्फ पातळ आहे हे त्या दोघांना माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग ते गेलेच का?"

मर्विनने घसरलेला कोट तिच्या पायांवर ओढून घेतला.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला, "दोघांत भारी कोण, ते एकदा ठरूनच जाऊ दे."