सतरा नंबरची काठी

मी काठी बोलतेय. साधीसुधी नाही हं, सतरा नंबरची. मुठीखाली तापलेल्या खिळ्यानं डागलेला आकडा अजून स्पष्ट दिसतो. डागताना फार भाजलं होतं, पण नंतर त्याच आकड्याचा मला अभिमान वाटायला लागला. आता तो आकडा कुणी वाचला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, तेच सांगायचंय.

डोंगराच्या पायथ्याशी एक पत्र्याची टपरी आहे. तिथे एक वाटाड्या राहायचा. बायको, लेक आणि तो. डोंगर बघायला येणाऱ्यांना वर नेणं आणि धडपणे खाली आणणं, हा त्याचा धंदा. मला त्यानंच घडवलं. वादळात मोडलेली फांदी उचलून आणली, सावलीत वाळवली, साल सोलली, जाळावर धरून वाक काढला. टोकाला लोखंडी टोपण ठोकलं, वर दोरीची वादी ओवली. मग मला हातात धरून तो अंगणात चार पावलं चालला आणि बायकोला म्हणाला, "ही जमली बघ. ही कुणाला पडू द्यायची नाही."

टपरीच्या भिंतीला एक लांब फळी होती आणि फळीला तीस खुंट्या. प्रत्येक खुंटीला एक काठी. एक नंबरची त्याची स्वतःची, त्याच्या वडिलांच्या हातची, मूठ घासून घासून काळीभोर झालेली. बाकीच्या आम्ही पाहुण्यांसाठी. नियम असा, की दर टोळीमागे निदान एक काठी न्यायचीच आणि उतरल्यावर ती ज्याच्या त्याच्या खुंटीला टांगायची. संध्याकाळी तो फळीवरून बोट फिरवत खुंट्या मोजायचा. स्वतःची काठी सगळ्यात शेवटी टांगायचा, "सगळे खाली" असं मोठ्यानं म्हणायचा आणि मगच दाराला कडी लावायचा.

लेक त्याला चिडवायची, "बाबा, माणसं मोजायची सोडून लाकडं काय मोजता?"

"अगं, माणसं मोजायला गेलं की हलतात," तो म्हणायचा. "खुंटी बिचारी जागची हलत नाही."

आणि खरंच, त्या मोजणीनं दोघंतिघं वाचलेली मी पाहिली आहेत. एकदा एक फोटो काढणारा चुकून पलीकडच्या ओढ्यात उतरला होता. खुंटी रिकामी दिसली म्हणून वाटाड्या गेला आणि त्याला हाताला धरून घेऊन आला.

माणसांचे नाना नमुने पाहिले मी. पहिल्याच वळणावर "किती राहिलं?" विचारणारे. वाटाड्याचं उत्तर ठरलेलं, "हे काय, आलंच!" ते आलंच दोन तास टिकायचं. कड्याशी उभं राहून स्वतःच्याच नावानं हाका मारणारे, खडकावर बदाम कोरणारे, वर पोचल्यावर डोंगराकडे पाठ करून नुसते फोनमध्ये बघणारे. चढताना मला मिरवणारे तरुण तर विचारूच नका. खाली उतरताना तेच माझ्या गळ्यात पडायचे.

मग त्या आजी आल्या. सोबत मुलगा आणि सून. मुलगा म्हणाला, "आई, तू इथेच बस. आम्ही जाऊन येतो."

"इथे बसायला घर काय वाईट होतं?" आजी म्हणाल्या.

वाटाड्या हसला. त्यानं आजींची उंची डोळ्यांनीच मापली, फळीवरून मला काढलं, वादी त्यांच्या मनगटाला बेताची करून दिली. दुसरी एक टोळी आधीच निघाली होती, त्यामुळे त्याला पुढे जायचं होतं. तो म्हणाला, "आजी, वाट सरळ आहे, सावकाश या. गुडघा दुखला की बसा. आणि उतरलात की मला तोंड दाखवल्याशिवाय जायचं नाही. कबूल?"

"कबूल," आजी म्हणाल्या.

काय सुरेख चढल्या त्या! प्रत्येक पायरीला माझ्याशी बोलायच्या. "चल गं बाई, एवढी एक. आता ही एक." असा हात मला आधी कधी लाभला नव्हता. वर एका सपाट दगडावर बसून त्यांनी पलीकडच्या रांगा पाहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे राहूनच गेलं असतं," त्या मला म्हणाल्या. वाटाड्या वाट दाखवत आधीच उतरला होता. त्याच्यामागून दुसऱ्या टोळीची माणसंही आजींकडे बघून हसून उतरायला लागली.

दुपार कलली आणि धुकं आलं. मुलगा सुनेला घेऊन फोनला रेंज मिळते का ते बघायला जरा पुढे गेला होता, तो परतला. डोंगराच्या मागच्या बाजूनं हल्ली गाडीरस्ता वरपर्यंत आलाय. त्यानं ड्रायव्हरला गाडी तिकडेच बोलावली होती. आईचे गुडघे, ओली वाट, वाढतं धुकं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते पुढे.

गाडीत बसताना आजी म्हणाल्या, "अरे, ही काठी?"

"राहू दे. आठवण म्हणून."

"अरे, पण त्यांना तोंड दाखवून जायचं कबूल केलंय मी."

"आई, एका दांडक्यासाठी आता डोंगराला वळसा घालायचा? तास जाईल. त्यांच्याकडे ढीगभर आहेत."

त्यानं मला डिकीत टाकलं आणि झाकण लागलं. मी आतून किती धडपडले म्हणून सांगू! प्रत्येक वळणावर या कडेहून त्या कडेला आपटत होते. सून म्हणाली, "काय वाजतंय मागे?" मुलानं गाण्याचा आवाज वाढवला. मला माहीत होतं, खाली बोट आता सतराव्या खुंटीशी थांबलं असेल. पण काठीला पाय नसतात, आणि जीभ तर नसतेच.

शहरातल्या घरात माझी जागा दाराआड, चपलांच्या कपाटाशेजारी. डोंगर चढलेली मी, पण माझ्या नशिबी काय आलं? पलंगाखाली गेलेली चप्पल ओढणं, पंख्यावरची जळमटं काढणं, पालीच्या मागे धावणं. आजी मात्र रोज मला घेऊन गच्चीत दोन फेऱ्या मारायच्या. रोज मुठीखालचा आकडा अंगठ्यानं चाचपायच्या आणि मुलाला म्हणायच्या, "दुसऱ्याची वस्तू आहे रे. मी कबूल केलं होतं."

"जाऊ गं, जाऊ," मुलगा म्हणायचा. असं करत वर्ष गेलं. शेवटी आजींनी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा गाडी निघाली.

टपरी दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला! तोच पत्रा, तीच फळी. पण वाटाड्याच्या जागी त्याची लेक उभी होती. आजींनी मला पुढे केलं. "घे बाळ. उशीर झाला फार. तुझे बाबा कुठे आहेत? त्यांची माफी मागायची आहे."

लेकीनं मला हातात घेतलं. तिचा अंगठा आकड्यावर आला आणि तिथेच थांबला. मग तिनं आजींना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्ही त्या दिवशी उतरला होतात?"

"हो गं. मागच्या रस्त्यानं, गाडीतून."

"आई," लेकीनं आत हाक मारली. "आई, बाहेर ये. आजी आल्यात. सतरा नंबरच्या."

वाटाड्याची बायको हात पुसत बाहेर आली. आजींकडे बघत राहिली. मग त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसून हळूहळू सांगितलं. त्या संध्याकाळी सतरावी खुंटी रिकामी होती. दुसऱ्या टोळीतल्या माणसानं सांगितलं, की वर दगडावर एक आजी एकट्याच बसल्या होत्या. वाटाड्यानं एक नंबरची काठी उचलली. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या धुक्यात नका जाऊ. दोघांतिघांना सोबत घ्या." तो म्हणाला, "माणसं जमवेपर्यंत म्हातारीनं काय करायचं? गुडघे धड नाहीत तिचे. मी काठी देऊन पाठवलंय तिला." तिसऱ्या दिवशी तो घळीत सापडला. काठी सापडलीच नाही.

"आणि तुम्हालाही चार दिवस शोधलं," ती म्हणाली. "हरवल्याची तक्रार कुणाचीच आली नाही, तरी शोधलं. म्हटलं, हे ज्यांच्यासाठी गेले त्या तरी मिळू देत. बरं झालं, तुम्ही आहात."

मुलगा म्हणाला, "माझ्याकडे नंबर नव्हता. नाहीतर मी फोन..." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. दाखवायचं कबूल केलेलं तोंड आजींनी पदरात झाकून घेतलं होतं.

लेकीनं मला पुसलं आणि सतराव्या खुंटीला टांगलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. आजी पुन्हा आल्या नाहीत. लेक आता माणसांना वर नेते, "हे काय, आलंच!" म्हणते, अगदी बापासारखं. मीही जाते. पण कुणी माझी मूठ घट्ट धरली की मला लाज वाटते. ही कुणाला पडू द्यायची नाही, असं म्हणून ज्यानं मला घडवलं, त्यालाच मी पाडलं. माझा दोष नाही म्हणता? नसेल. दुःख माझंच आहे.

तुम्ही डोंगरावर जरूर या. ज्या वाटेनं उतरायचं त्या वाटेनं उतरा. फक्त उतरलात, एवढं खाली कळवा. तुम्ही विसरून गेलात तरी इथे कुणीतरी तुमची वाट बघत असतं.

आता ऊन उतरलंय. लेक मोजायला आली आहे. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस... हल्ली ती शेवटाकडून मोजते. सतराला तिचं बोट जरा थांबतं, मग पुढे सरकतं. तीन. दोन. आणि एक नंबरच्या रिकाम्या खुंटीवर येऊन टेकतं.

आतून आई विचारते, "झालं का गं मोजून?"

"झालं," लेक म्हणते. "एक वर आहे."

आणि दाराला कडी न लावताच ती आत जाते.