शेवटचा हात

वर्कशॉपात त्याला सगळे डावऱ्या म्हणायचे. सव्वीस वर्षं फिटर, आणि लोखंड घासायची कानस कायम डाव्या हातात. काम आवळून धरायच्या शेजारच्या वाईसवर नवा माणूस उभा राहिला की पहिल्याच दिवशी बरगडीत त्याचं कोपर खायचा, आणि दुसऱ्या दिवशी शहाणा होऊन दोन हात लांब उभा राहायचा.

त्याची धाकटी त्याच्यावरच गेली होती. हात तेवढा उजवा, बाकी सगळं त्याचंच. रस्त्यात लोखंडाचा तुकडा पडलेला दिसला की ही वाकलीच. तिला टूलरूमचा कोर्स करायचा होता. दोन वर्षांचा, राहणं-खाणं तिथंच, आणि बाहेर पडलं की डाय म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी ठरल्यासारखीच. फी तेवढी अशी होती की डावऱ्यानं ती एकदा ऐकली आणि पुन्हा विचारली नाही.

मग स्कॉलरशिप शोधणं सुरू झालं. धाकटी दोन महिने मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. एका ठिकाणी ऐंशी टक्के मागत होते, ही तर काठावर पास. दुसरी फक्त नर्सिंगच्या मुलींना. तिसरीचा फॉर्म अर्धा भरून झाल्यावर कळलं, की ती वडील नसलेल्या मुलांसाठी आहे.

"तिथं मी आडवा आलो म्हणायचं," डावऱ्या म्हणाला.

"अभद्र बोलू नका," तिची आई म्हणाली, आणि ताट जरा जास्तच जोरात ठेवलं.

शेवटी सापडली ती नट-बोल्टच्या दुकानात. गल्ल्यामागच्या भिंतीवर कागद चिकटवलेला. कुणी कारखानदार वारला होता, त्याच्या मागं घरच्यांनी ट्रस्ट काढलेला. पाच मुलांचा सगळा खर्च ते करणार. मार्क विचारणार नाहीत. वय एकोणीसच्या आत हवं, आणि स्वतःच्या हातानं केलेला जॉब घेऊन यायचं. धाकटीनं कागद तीनदा वाचला. दुकानदार म्हणाला, "फोटो काढून घे की. वाचून वाचून शाई जाईल त्याची."

जॉब सांगायला सोपा होता. लोखंडी पट्टीत चौकोनी खाच करायची, आणि त्या खाचेत चपखल बसेल असा चौकोनी तुकडा घासायचा. तुकडा कुठल्याही बाजूनं फिरवून घातला तरी बसला पाहिजे. पूर्ण जॉब उजेडासमोर धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. करायला बसलं की माणसाचा घाम निघतो.

तीन आठवडे धाकटी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत होती. डावऱ्या दारात उभा.

"खांदा पाड. कानस डुलतेय."

"बाबा, तुम्ही बघू नका."

"बघत नाही. ऐकतोय."

ते खरंही होतं. कानस सरळ चालली की एक आवाज येतो, डुलली की दुसरा. पण त्यानं जॉबला बोट लावलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणजे त्या रविवारपर्यंत.

रविवारी जॉब झाला. फॉर्मच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. खाली धाकटीनं सही केली, त्याखाली बापानं केली. मग ती फॉर्मसाठी फोटो काढायला गेली आणि तिची आई बाजाराला. डावऱ्यानं जॉब उचलला आणि खिडकीसमोर धरला.

एका कोपऱ्यात उजेड होता. केसाएवढा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

आता वर्कशॉपातली रीत अशी, की शिकाऊ माणसानं काम कितीही छान करू दे, दाराबाहेर जायच्या आधी जुना फिटर त्यावर शेवटचा हात फिरवतो. डावऱ्याच्या पहिल्या सगळ्या कामांवर त्याच्या उस्तादानं फिरवला होता. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. ती माया असते, झालंच तर दुकानाची अब्रू. डावऱ्याचे हात शिवशिवायला लागले. खाली केलेली सही त्याला आठवलीच नाही असं नाही. पण ती सही काम करण्याबद्दल होती, आणि काम तर पोरीनंच केलं होतं. बारीक कानशीचे सहा हात. सातवा नाही. मग तेलाचं बोट फिरवलं, फडक्यात गुंडाळून होता तिथं ठेवला, आणि कुणाला काही बोलला नाही.

मुलाखत ट्रस्टच्या कचेरीत होती. पालकांनाही आत बोलावत होते. टेबलामागं एक म्हातारे मास्तर बसलेले, चाळीस वर्षं फिटिंग शिकवून रिटायर झालेले. उजव्या हाताची करंगळी अर्धीच. डावऱ्याला बरं वाटलं. आपला माणूस आहे.

मास्तरांनी तुकडा चारही बाजूंनी घालून पाहिला आणि मान हलवली. जॉब खिडकीकडे धरला. मग भिंग काढलं आणि एका कोपऱ्याशी थांबले. फारच वेळ थांबले.

"बाळा, हा कोपरा कुणी घासला?"

"मीच."

"तू कुठल्या हातानं घासतेस?"

"उजव्या."

मास्तरांनी जॉब तिच्यापुढं सरकवला, हातात भिंग दिलं. "बाकी सगळीकडे कानशीच्या रेघा बघ कुठं तिरक्या जातात. आणि इथं बघ."

धाकटी वाकली. ती बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा मास्तरांकडे बघितलंच नाही, बापाच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मीच घासला. तिथं हात पोचत नव्हता, म्हणून हात बदलला."

इतकं सरळ खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मी घासला. तिला माहीतही नव्हतं. सहाच हात मारले."

"का?"

"उजेड दिसत होता."

मास्तरांनी भिंग मिटलं. "आज सकाळपासून आलेल्या जॉबांतून उजेड काय, उंदीर आरपार जातील. हिचा त्या फटीसकट पहिला आला असता."

डावऱ्याला वाटलं, यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. "तिला इथं वाईस द्या," तो म्हणाला. "तुमच्यासमोर करून दाखवेल. मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो."

"ते ठरवणारा मी नाही. खाली तुमची सही आहे." मास्तरांनी जॉब पुन्हा फडक्यात गुंडाळला. "माझ्या उस्तादानंही माझ्या कामावर हात फिरवला होता. कळतं मला. पण या वर्षी नाही. पुढच्या वर्षी वय बसतंय का हिचं?"

"दोन महिन्यांच्या फरकानं बसतंय," धाकटी म्हणाली. "म्हणजे एकदाच."

"मग एकदा ये."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, जॉब मांडीवर.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "मला ती फट माहीत होती. मी मुद्दाम ठेवली होती. आणखी घासली असती तर तुकडा सैल झाला असता."

ते बरोबर होतं. सैल झालाही असता. त्याचा नाही झाला, पण तिचा झाला असता, आणि हे तिला कळत होतं. इतकं कळायला त्याला स्वतःला सहा वर्षं लागली होती.

घरी तिच्या आईनं चेहरे बघितले आणि पानं वाढायला घेतली. धाकटीनं मसाल्याच्या पॅकिंगच्या कारखान्यात चौकशीचा फोन लावला. वर्षभर बसून तर राहता येत नाही. मग खिळ्यावरची पत्र्याच्या खोलीची किल्ली काढली.

"ही वर्षभर माझ्याकडे."

"तुझ्याकडेच ठेव."

दिवेलागणीला आतून कानशीचा आवाज यायला लागला. डावऱ्या बाहेर पायरीवर बसला होता. दहा-बारा हात सरळ गेले, मग आवाज बदलला. कानस डुलत होती. खांदा वर गेला होता तिचा.

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. आत आवाज तसाच चालू राहिला, डुलत, बराच वेळ. मग थांबला. मग पुन्हा सुरू झाला.