तिरका चेहरा

ओळखपत्रांच्या कारखान्यात सगळे त्याला लेझरकाका म्हणत. कार्डाच्या प्लास्टिकच्या पोटात तो माणसाचा फोटो लेझरने जाळून उमटवायचा. खरवडायला गेलं तर कार्ड फाटेल, फोटो निघायचा नाही. शिवाय कोपऱ्यात तोच चेहरा बारीक, कार्ड तिरकं धरलं तरच दिसणारा. ‘बनावट करणाऱ्याच्या सात पिढ्यांना जमायचं नाही,’ असं तो डबा खाताना छाती फुगवून सांगे.

आज सकाळी मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. परवाची सगळी कार्डं होऊन वाटलीही गेली होती, तरी यंत्रातल्या तिरक्या चेहऱ्यांच्या रांगेत एक चेहरा उरला होता. परवा मधेच एक कार्ड खराब निघालं होतं. तेव्हा मोठ्या आणि बारीक, दोन्ही फोटोंच्या रांगा एकेक घर पुढे सरकवायच्या असतात. यानं मोठ्याचीच सरकवली. म्हणजे पुढच्या एकेचाळीस कार्डांत मोठा फोटो ज्याचा त्याचा आणि तिरका चेहरा आधीच्या माणसाचा. तपासणाऱ्याच्या लेखी सगळी बनावट.

त्यातलं तिसरं कार्ड त्याच्या धाकटीचं होतं. तेच दाखवून ती आज नर्सिंगच्या परीक्षेला बसणार होती. बाकीचे चाळीस त्याच्या मनातही आले नाहीत. लाजेची गोष्ट, पण खरी.

त्यानं फोन लावला. “कुठे आहेस गं?”

“फाटकातून आत आले. किती घाबरता हो बाबा.”

“कार्ड बघितलं त्यांनी?”

“बघितल्यासारखं केलं.”

तो स्टुलावर बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिलं तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं सुखानं जातील, असं त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात पलीकडे गलका झाला. धाकटीचा आवाज बदलला.

“बाबा, माझी मैत्रीण मागेच होती. आम्ही कार्ड काढायला एकत्रच गेलो होतो ना? तिचं त्यांनी तिरकं धरून बघितलं. त्यात मी दिसतेय. आता दोघींना बाजूला बसवलंय, पोलिसांना बोलावताहेत. पेपर दहाला आहे.”

ती रडत नव्हती, म्हणूनच तो उठला. फोन चालूच ठेवून तो कारखान्याच्या मोठ्या बाईंच्या खोलीत शिरला. दार वाजवायचंही त्याला सुचलं नाही.

“बाई, कार्डं खरी आहेत,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. तुम्ही परीक्षेवाल्यांना सांगा.”


बाईंनी फोनसाठी हात पुढे केला. “किती कार्डं?”

“एकेचाळीस,” तो म्हणाला.