आई आरवली तो रविवार

मास्तरांच्या घरात रविवारी चार वाजता बुद्धिबळाचा पट मांडला जायचा आणि धाकटीला साडेतीनपासूनच पळून जावंसं वाटायचं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीसुद्धा. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, केसाएवढी चूक असली तरी तिच्या बोटांना कळायची. पण वडिलांसमोर बसली की घोडा कसा चालतो तेसुद्धा ती विसरायची.

मास्तर म्हणजे तिचे वडील. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, पण घरातला वर्ग काही सुटला नव्हता. त्यांचा नियम असा की हरणाऱ्यानं उठायचं नाही. मोहरे पुन्हा मांडायचे आणि आपण नेमकं कुठे शेण खाल्लं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मास्तर ते वहीत टिपून ठेवत. थोरल्या मुलाची एक वही, धाकटीची एक, आणि थोरल्याचं लग्न झाल्यावर सुनेचीही निघाली. आईच्या नावाची वही नव्हती. तिला कुणी कधी पटावर बसवलंच नव्हतं. "तिला त्यातलं काही कळत नाही," असं मास्तर सांगत आणि आई मुकाट्यानं चहाचे कप गोळा करी.

धाकटी अकरा वर्षांची असताना घरी आलेल्या सहा पाहुण्यांसमोर मास्तरांनी तिला तिचाच हरलेला डाव पहिल्यापासून मांडायला लावला होता. प्रत्येक चुकीच्या खेळीला थांबून विचारलं होतं, "आता इथे डोकं कुठे होतं?" पाहुणे हसले होते. हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण तेव्हापासून खेळ म्हटलं की तिच्या तळहातांना घाम फुटायचा.

म्हणूनच दुकानात नव्यानं आलेल्या डोळे तपासणाऱ्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा एक डबा टेबलावर आपटला, तेव्हा धाकटी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण लावून उठायलाच निघाली होती.

"बस गं, पाच मिनिटांचा खेळ आहे."

"मला नाही जमत. माझं डोकं नाही चालत."

"छानच की! याला डोकं लागतच नाही. तोंड लागतं."

खेळ सोपा होता. सुरुवातीला प्रत्येकानं एका प्राण्याचं पान उचलायचं, सगळ्यांना एकदा दाखवायचं आणि पालथं घालायचं. कोण बेडूक, कोण बकरी, ते लक्षात ठेवायचं. मग आपापल्या गठ्ठ्यातलं एकेक पान उलटत जायचं. दोघांची पानं जुळली की त्या दोघांनी एकमेकांच्या प्राण्याचा आवाज काढायचा. ज्याचा आधी निघाला, त्याची उलटलेली पानं दुसऱ्याच्या गळ्यात. हातातली पानं ज्याची आधी संपली तो जिंकला.

तिसऱ्याच फेरीला धाकटीचं आणि दुकानाच्या मालकाचं पान जुळलं. मालक बकरी होते, ती बेडूक. गळ्यात टाय बांधलेला तो गंभीर माणूस तिच्याकडे बघून "डराव, डराव!" करून ओरडला, आणि ती बकरी विसरून "म्यांव" म्हणाली. तिथे मांजर कुणी नव्हतंच. सगळे हसत सुटले. धाकटीला आधी घाम आला, मग तिनं वाट पाहिली, कुणीतरी आता विचारेल, चूक कुठे झाली सांग. कुणी विचारलं नाही. मालक डोळे पुसत म्हणाले, "पुढचं पान टाका, बाई, वेळ जातोय." आणि तिच्या आतून असं हसू उसळलं की घशात पाणी अडकलं.

त्या महिन्यात ती दर सुट्टीत हरली. मनापासून, पोट दुखेपर्यंत हरली. महिनाअखेर तिनं स्वतःसाठी तसलाच डबा विकत घेतला आणि रविवारी मास्तरांच्या घरी नेला.

चारला मास्तर पट काढायला उठले. धाकटी म्हणाली, "बाबा, आज मी नाही खेळणार. मी दुसरा खेळ आणलाय. पाच जणांचा आहे."

"पाच?" वहिनीनं बोटं मोजली. "आपण तर चारच असतो."

"आई धरून पाच."

आई कपांचा ट्रे घेऊन निघाली होती, ती दारातच थांबली. मास्तरांनी डबा हातात घेतला, उलटा केला, नियमांचा कागद नाकासमोर धरून वाचला आणि खाली ठेवला. "नशिबाचा खेळ. यात विचार कुठे आहे? तुमचं तुम्ही खेळा, मला वेळ नाही." ते खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले.

मग चौघंच बसली. थोरला बँकेत अधिकारी होता, बहीण भेटली की शेअरचे भाव सांगणारा माणूस. त्याच्या वाट्याला कोंबडा आला. वहिनी गाय, धाकटी बेडूक, आई बकरी. पहिली दोन पानं आईनं दोन बोटांत अशी धरली जणू दुसऱ्या कुणाची वस्तू हाताळतेय. पण तिसऱ्या पानाला तिचं आणि थोरल्याचं जुळलं. थोरला आ वासून "हं... हं..." करत आठवत बसला आणि आईनं मान वर करून, डोळे मिटून, घरभर बांग दिली.

"कुकूऽऽच कूऽऽ!"

वर्तमानपत्र खाली आलं. थोरला हसता हसता खुर्चीवरून घसरला. वहिनीनं पदर तोंडात कोंबला. आणि आई लाजली नाही, थांबली नाही, थोरल्यापुढे पानं सरकवत म्हणाली, "घे रे, तुझीच ही. बघत काय बसलास?"

त्या घरात कुणाला काय लागतं, कुणाचा आवाज कसा, कोण कुठे काय विसरतं, हे आईला चाळीस वर्षं पाठ होतं. कुणाचा प्राणी कुठला ते ती विसरणार होती थोडीच! पहिला डाव तिनं जिंकला. दुसराही. तिसऱ्या डावात वहिनीशी पान जुळून ती गायीसारखी हंबरत असताना मास्तर उठले. त्यांनी टेबलावरची सगळी पानं गोळा केली, डब्यात भरली आणि डबा कपाटावर ठेवून दिला, अगदी वर, वर्गात पोरांचे भोवरे जप्त करून ठेवावेत तसा.

"पुरे झाला पोरखेळ. शेजारी काय म्हणतील? मेंदूला गंज चढवायचे धंदे सगळे. थोरल्या, पट मांड."

थोरला उठला. सवयच होती. वहिनीनं पदर सावरला. आईचा हात ट्रेकडे गेला.

धाकटीनं स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. कपाटाला लावलं, वर चढली, डबा काढला आणि खाली उतरली.

"बाबा, ही माझी वस्तू आहे. आणि मी छत्तीस वर्षांची आहे."

"या घरात रविवारी बुद्धिबळ होतं."

"होऊ दे. मी नसेन. पंचवीस वर्षं मी तुमच्यासमोर हरले आणि वर त्याचं कारणही सांगितलं. आता नाही सांगणार. पुढच्या रविवारपासून चार वाजता माझ्या खोलीवर या, ज्याला यायचंय त्यानं."

"तुझ्या त्या लाँड्रीवरच्या खोलीत? तिथे बसायला चार खुर्च्या आहेत का?"

"नाहीत. जमिनीवर बसू."

"बघू किती रविवार टिकतं ते," मास्तर म्हणाले आणि स्वतःच मोहरे मांडायला लागले.

पहिल्या रविवारी तिच्याकडे कुणीच आलं नाही. साडेचार झाले, पाच झाले. खालच्या लाँड्रीची यंत्रं घरघरत होती आणि जमीन किंचित हलत होती. धाकटीनं चटई अंथरून ठेवली होती, ती तिनं गुंडाळली नाही. एकटीच पानं पिसत बसली. गेलं उडत, म्हणाली स्वतःशी. पण सारखे कान जिन्याकडे.

दुसऱ्या रविवारी थोरला आणि वहिनी आली. त्यांच्या मागून, कठड्याला धरून, धापा टाकत आई. तिच्या चपलांना धूळ लागली होती.

"तू यांच्याबरोबर आलीस?"

"नाही गं, हे खाली भेटले. दोन बस बदलून आले मी," आई म्हणाली आणि खोलीभर नजर फिरवून चटईवर बसली. "एकदा चुकीच्या थांब्यावर उतरले. मग विचारलं लोकांना. तोंड आहे की मला."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, चार वाजता चहा कोण करणार? म्हटलं, डावी फळी, वरून दुसरा डबा, त्यात पावडर. बाकी तुम्ही हुशार आहात." तिनं हात पुढे केला. "पानं दे."

चौथ्या रविवारी मास्तर स्वतः आले. जिन्यावरची त्यांची पावलं धाकटीनं ओळखली आणि तळहात पुन्हा ओले झाले. ते दारात उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. आत चौघं जमिनीवर, मधोमध पानांचा पसारा.

"घरी चल," ते आईला म्हणाले.

"माझी तीन पानं उरलीत," आई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली.

"म्हणजे मी असाच उभा राहू?"

"उभं कशाला? बसा. खेळायचं तर पुढच्या डावात घेते तुम्हाला. गाढवाचं पान अजून कुणी उचललं नाहीये."

वहिनीनं खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. थोरला पानांत तोंड लपवून बसला. मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ही सगळी तुझी करणी, असं ती नजर म्हणत होती, आणि धाकटीनं ती नजर चुकवली नाही. हो, माझीच, असं तिनं त्यांना डोळ्यांनीच सांगितलं. मग जरा सरकून चटईवर एका माणसापुरती जागा केली.

"बाबा, बसा ना. इथे कुणी वही ठेवत नाही."

एक क्षण वाटलं, बसतील. छत्री त्यांनी भिंतीला टेकवलीही. पण मग ती पुन्हा उचलली.

"मला ते आवाज नाही काढता येत," ते म्हणाले. हे ते रागानं म्हणाले की आणखी कशानं, ते धाकटीला कळलं नाही. तिला वाईट वाटलं, खरोखर वाटलं, पण उठून त्यांच्या मागे धावण्याइतकं नाही.

"येतात हो," आई म्हणाली. "सरावानं येतात. मलाही कुठे येत होते? तुम्ही व्हा पुढे. मी सहाच्या बसनं येईन."

मास्तर जिना उतरले. एका पायरीवर पावलं थांबली, बराच वेळ थांबली, मग पुन्हा वाजायला लागली आणि यंत्रांच्या घरघरीत मिसळून गेली. थोरल्यानं घड्याळ पाहिलं.

"कुणाची पाळी?" आईनं विचारलं.

"माझी," धाकटी म्हणाली आणि पान उलटलं. आईच्या पानाशी जुळलं. दोघींनी एकदमच तोंड उघडलं.