डब्यातलं डाळिंब

डब्याला भोक पाडा. खिळा तापवून, आतून बाहेर. भोक नसलं की मुळं कुजतात.

हे मिल्काबाई सांगत होत्या. चोपन्न साल, पौषातली पुनव, मालवणातल्या एका भाड्याच्या घराची पडवी. मिल्काबाई दवाखान्यातल्या सुईण. मूळच्या अलिबागकडच्या, ज्यू. शनिवारी चूल पेटवत नसत, म्हणून अख्खी आळी त्यांना शनवारबाय म्हणे. त्यांच्या लोकांत ही पुनव म्हणजे झाडांचं नवं वर्ष. त्या दिवशी मलिदा करतात : गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. मलिदा आहे म्हटल्यावर बायका आल्या. झाड लावायला शिकवणार आहेत, हे आल्यावर कळलं.

माती हलकी

थांबा. मातीच्या आधी झाड.

परसात एकच डाळिंब होतं. मिल्काबाईंच्या नवऱ्यानं, हाईमनं लावलेलं. तो वारला त्यानंतर ते पहिल्यांदा फुललं. आता चैत्रात मिल्काबाई मुलाकडे इस्रायलला कायमच्या जाणार होत्या, आणि घरमालक गुरुदास त्या जागेवर गुरं-सामान ठेवायला मांगर बांधणार होता.

"फळाचं झाड लढाईतसुद्धा तोडू नये, असं आमच्या धर्मात आहे," मिल्काबाई त्याला म्हणाल्या होत्या.

"बाय, हंय खंय लढाई आसा?" गुरुदास हसला होता.

म्हणून हे डबे. तुपाचे, बिस्किटांचे, रॉकेलचे अर्धे कापलेले. प्रत्येकीनं एक फांदी न्यावी, घरात खिडकीशी ठेवावी, जगवावी. सगळ्या नाही जगल्या तरी एक जगावी. मिल्काबाईंना दुसरं काही नको होतं.

माती हलकी हवी. थोडी वाळू, थोडं शेणखत. फांदी तिरकी खोचा.

"आणि पहिली तीन वर्षं फळ तोडायचं नाही."

"तीन वर्सां?" काशीबाई म्हणाल्या. शेजारच्या, माडांच्या बागेच्या मालकीण. "तवसर माकडां काय हात जोडून बसतली?"

बायका हसल्या. मिल्काबाईही हसल्या. तेवढ्यात हिरानं एक फांदी उचलली.

"तू नको गो हात लावू," काशीबाई हसण्याच्या भरातच बोलून गेल्या. "तुझ्या हातान काय जगला आसा आजपर्यंत?"

हसणं थांबलं.

हिरा मासे विकायची. तिची दोन बाळंतपणं मिल्काबाईंनीच केली होती. दोन्ही मुलं मेलेलीच जन्मली. दोन्ही वेळा हिरानं विचारलं होतं, काय चुकला माझा? दोन्ही वेळा मिल्काबाईंनी सांगितलं होतं, तुझं काही चुकलं नाही.

काशीबाईंनी मलिद्यात तोंड घातलं. मिल्काबाईंनी सगळ्यांत जोमदार फांदी हिराच्या डब्यात लावली आणि तिच्या हातावर हात ठेवून माती दाबली.

पाणी रोज नको. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तर घाला.

(इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. मिल्काबाईंना ती सुचली नाही. सुचणार तरी कशी?)

चैत्र. आगबोटीच्या आदल्या दिवशी मिल्काबाई निरोप घ्यायला घरोघर गेल्या.

एक फांदी बकरीनं खाल्ली होती.

एका घरी डबा होता. डब्यात सुके बांगडे होते.

काशीबाई म्हणाल्या, "बाय, ता सुकला तेव्हाच टाकलंय. तुम्ही चाय घेतलास?"

हिराच्या झोपडीत डबा खिडकीतच होता. घासून पुसून, खाली फडकं अंथरून. फांदीला कधीतरी पानं फुटली होती. ती आता कडेनं जळून गुंडाळली होती. मातीवर पांढरा पापुद्रा. मिल्काबाईंनी बोट खुपसलं. मग ते जिभेला लावलं.

"मीठ घातलंस?"

"होय तर! माडाक घालतत तसा. काशीबाय वर्साक एकदाच घालता, मी सारख्या घातलंय. काय फुटला होता, बाय! चार पानां इल्यार माका वाटला, आता मीठ होया. वाढाचा आसा ना तेका." हिरानं जळकं पान बोटानं सरळ करून पाहिलं. ते तुटलं. "कोणाक सांगलंय नाय मी. सगळी म्हणतली, बघ, परत हिराचोच हात. खरा सांगा, काय चुकला माझा?"

मिल्काबाईंनी बोट पदराला पुसलं.

"तुझं काही चुकलं नाही. फांदीच कमजोर होती."

तुझं काही चुकलं नाही, हे त्यांनी आजवर सांगितलं तेव्हा ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बंदर. आगबोट लांब उभी, तिच्यापर्यंत नेणारी होडी काठाला. आळीतल्या बायका पोचवायला आलेल्या. काशीबाईंनी वाटेसाठी खोबऱ्याच्या वड्या दिल्या. गुरुदास ट्रंक उचलून देऊन गेला, त्याला घाई होती. माणसं कुऱ्हाडी घेऊन परसात आली होती.

होडी सुटली तेव्हा हिरा धावत आली. तिच्या हातात डाळिंबाची हिरवी फांदी होती.

"बाय! शेवटची मिळाली! ते तोडूक लागले होते, मी ओढून आणलंय!" ती गुडघाभर पाण्यात शिरली. "सगळा तुम्ही सांगलास तसाच करतंय. डब्याक भोक, वाळू, बोट घालून पाणी! आणि मीठ ह्या खेपेक पयल्या दिसापासून!"

मिल्काबाई उभ्या राहिल्या.

"बसा बाय, होडी कलंडात," होडीवाला ओरडला.

अजून ऐकू जाण्याइतकं अंतर होतं. दोन शब्द पुरले असते. हिराच्या मागे काशीबाई उभ्या होत्या, आणि सगळी आळी.

मिल्काबाईंनी हात वर केला.

हिराला वाटलं, आशीर्वाद. तिनंही फांदी उंच धरली आणि हलवली.

"बसा," होडीवाला पुन्हा म्हणाला.

त्या बसल्या.