सोवळे आणि डिस्प्ले कार्ड

आमच्या वाईच्या घरात सोवळे कडक केले ते द्वारकाबाईंनी. त्यांची सून मी, गोदावरी; माझी सून शरयू; आणि शरयूची एकुलती एक लेक ज्ञानदा, जिने अठ्ठ्याण्णव सालच्या पौषात मला माझ्याच घरात लांब बसविले.

शरयू गेली तेव्हा ज्ञानदा सहा वर्षांची होती. तेराव्याच्या दिवशी मी सोवळ्यात स्वयंपाक करीत असताना ती दोन्ही हात पसरून धावत आली. "शिवू नकोस," मी म्हटले, "पाने उठू देत, मग ये." पाने उठली तेव्हा ती कोपऱ्यात झोपी गेली होती. नियम मोडला नाही. ते 'मग' मात्र राहून गेले. पुढे ती कधी धावत आली नाही. तिचे वडील, माझा सुमंत, मस्कतला. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींत सदैव हातभर अंतर.

सांगलीच्या एका आर्किटेक्टने तिच्याकडून एका घराचे चित्र मागितले होते, कॉम्प्युटरवर चहूबाजूंनी फिरविता येईल असे. पसंत पडले तर नोकरी, आणि मुक्काम सांगलीला. घरच्या कॉम्प्युटरला ते पेलवेना, म्हणून तिने पुण्याहून डिस्प्ले कार्ड आणविले. कार्ड चालले तर ती जाणार, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रविवारी पूजा आटोपून मी तिच्या खोलीच्या दाराशी गेले.

"तिथेच थांबा, आजी. लांब बसा."

"मला सांगतेस?"

"तुमच्या रेशमी पातळाला सांगते. या कोरड्या थंडीत त्यातून ठिणगी उडते. कार्डाला लागली की संपलं."

"म्हणजे तुझ्या कार्डालाही सोवळे आहे."

"तुमच्याहून कडक."

मी उंबऱ्याशी पाट घेतला. तिने बांगड्या काढून ठेविल्या. भिंतीतला प्लग उपसला. कॉम्प्युटरच्या डब्याचे झाकण काढून आतल्या उघड्या पत्र्याला हात लावला. अंगातली वीज आधी उतरवावी लागते म्हणाली. मग चंदेरी पिशवीतून कार्ड काढले ते फक्त कडांना धरून. त्याच्या सोनेरी दातांना बोट लागू दिले नाही. खाचेवर सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबले, स्क्रू आवळला. देव्हाऱ्यात देव मांडताना द्वारकाबाईंचे हात असेच चालत.

तिने बटण दाबले. पंखा घरघरला, पडदा काळाच. तिने प्लग काढून कार्ड उपसले, पुन्हा बसविले, पुन्हा बटण दाबले. काळाच. ती खाली बसली.

"गेलं."

"आता?"

"आता काय. नाही म्हणून कळवते त्यांना." तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही. "राहते इथेच."

राहते इथेच. हे वाक्य मी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

पाटावरून मला डब्याची मागची बाजू दिसत होती; ती पुढे बसली होती. नव्या कार्डाचे कोरे तोंड रिकामे होते. पडद्याची जाड वायर जुन्याच जागी खोचलेली होती. नैवेद्याची वेळ झाली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले असते तरी कोणी बोल लाविला नसता.

"ज्ञानदा, पडद्याची वायर जुन्याच जागी आहे."

तिने वाकून पाहिले, वायर काढून नव्या कार्डात खोचली. पडदा उजळला.

"आजी, तुम्ही नसतात तर..."

"तर दिवसभर तोंड पाडून बसली असतीस. काम कर."

संध्याकाळी ते घर पडद्यावर सावकाश फिरत होते. खिडक्या, जिना, गच्ची, सगळे जागच्या जागी. माणूस कुठेच नव्हते.

चित्र पसंत पडले. सांगलीच्या गाडीला निघण्याच्या सकाळी ती बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी सोवळ्यात होते.

"येते, आजी. लांबूनच नमस्कार करते."

"लांबून नको. इकडे ये."

"अहो, सोवळं..."

"ये म्हटले ना."

ती जागची हलेना, तेव्हा उंबरा मी ओलांडला. दोन्ही हात पसरून तिला जवळ घेतले, आणि सहा वर्षांच्या मुलीला जितका वेळ धरावे लागते तितका वेळ धरून ठेविले. प्रथम ती ताठ होती, मग नव्हती.

ती गेल्यावर मी पुन्हा स्नान केले, स्वयंपाक नव्याने मांडला, नैवेद्य दाखविला आणि एकच पान घेतले. तिचे माझ्याकडे आता ते 'मग'ही राहिले नव्हते.